दूधवाल्याच्या घरातला बिनदुधाचा ग्लास

आत्याबाईंनी आयुष्याची एकतीस वर्षं दुधाला नावं ठेवण्यात घालवली, आणि त्या कामाचा त्यांना दरमहा पगार मिळाला. मोठ्या डेअरीच्या धक्क्यावर पहाटे गाड्या लागायच्या, कॅन खाली उतरायचे, आणि आत्याबाई एकेका कॅनचं झाकण उचलून आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्यायच्या. वास तिथं कोंडलेला असतो, तिथं त्याला खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग चमचाभर दूध तोंडात, जिभेवरून घोळवून मोरीत थुंकायचं, आणि निकाल. "घ्या" किंवा "परत". तिसरा शब्द नाही.

एकदा खुद्द मॅनेजरच्या सासऱ्याचे चार कॅन त्यांनी परत पाठवले. मॅनेजर म्हणाले, "बाई, जरा समजून घ्या." बाई म्हणाल्या, "समजलं म्हणूनच परत पाठवले." शिक्षा म्हणून त्यांना तीन महिने गोदामात रिकाम्या बाटल्या मोजायला बसवलं. तीन महिन्यांनी धक्क्यावर परतल्या, आणि पहिल्याच सकाळी त्याच सासऱ्याचे दोन कॅन पुन्हा परत केले. त्यानंतर मॅनेजरनं नाद सोडला.

लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, असं कुणी खोदून विचारलं की त्या नाक वर करून म्हणायच्या, "वास आला." विचारणारा बिचारा दिवसभर स्वतःचा सदरा हुंगत बसायचा.

निवृत्त झाल्यावर त्या थोरल्या भावाच्या घरी, सगळ्यात मागच्या खोलीत राहायला आल्या. भाऊ म्हणजे दादा. दादांचं पुढं रस्त्यावर दुधाचं दुकान आणि दुकानामागं घर. वडिलांनी सुरू केलेलं दुकान. दादा पंचविसाव्या वर्षी गल्ल्यावर बसले ते अजून उठलेले नाहीत. दूध, दही, लोणी, साय, आणि उभ्यानं प्यायला येणाऱ्यांसाठी ग्लासातलं गार किंवा गरम दूध. माणूस चांगला. फक्त दुकान आणि इभ्रत या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की एकीला धक्का लावला की दुसरी ओरडायची.

या घरात बिट्टी जन्माला आली. दादांच्या मुलाची मुलगी. आज वय वर्षं सहा, समोरचे दोन दात गायब, आणि बोलणं अखंड चालू. ती आठ महिन्यांची असताना मोठ्या कौतुकानं तिला वाटीतून घरचं दूध पाजलं, आणि अर्ध्या तासात पोरीचं तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाचा थेंब नको. थेंब म्हणजे थेंब. लोणी नको, दही नको, साय तर नकोच नको. पुढं कदाचित कमी होईल, कदाचित होणारही नाही.

दादांना हे दुखणं कमी आणि अपमान जास्त वाटला. "तीन पिढ्या दुधावर जगलेलं घर आपलं," ते म्हणाले, "आणि आपल्याच पोरीला दूध बाधतं? गिऱ्हाईक काय म्हणेल? यांच्या दुधातच काहीतरी असणार म्हणेल!" म्हणून ठरलं की बाहेर बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, तिला आवडत नाही. बोलायला लागल्यावर बिट्टीलाही हेच शिकवलं. झालं असं की ज्याला त्याला वाटायचं, पोरगी नखरे करते. येणारा जाणारा काहीतरी पुढं करायचा आणि म्हणायचा, "घे गं थोडं, काही होत नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही झाकली मूठ पोरीच्या गळ्याशी होती, आणि ते फक्त आत्याबाईंना दिसत होतं. त्या बोलायच्या, दादा ऐकायचे नाहीत, आणि बिट्टीचे आईवडील, म्हणजे भाचा आणि सून, मधल्यामध्ये गप्प बसायचे.

बिट्टीला स्वतःला दुधाचं काही नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं. दुकानाच्या बाकावर बसून ती रोज बघायची, की लोक उंच ग्लास तोंडाला लावतात आणि खाली ठेवतात तेव्हा ओठांवर पांढरी मिशी असते. एके दिवशी ती मागच्या खोलीत येऊन म्हणाली, "आत्याआजी, मला पण मिशी पाहिजे."

"मग काढू की मिशी," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचा मिक्सर आणला. घरातल्या मिक्सरला त्या हातही लावेनात, कारण त्याच्या झाकणाच्या रबराखाली ताक आणि लोणी वर्षानुवर्षं मुक्कामाला होतं. नवीन भांड्यांना त्यांनी लाल चिकटपट्टी लावली. वेगळी घासणी, वेगळं फडकं, वेगळी बादली, आणि हे सगळं त्यांच्याच खोलीत, कुलपात. दादा हसले. "संशोधन चाललंय का?" आत्याबाई म्हणाल्या, "हो. तुझ्या दुधाशिवाय जग चालतं का, ते बघतेय."

सुरुवातीला जग काही चालेना. पाण्यात फळं फिरवली की ग्लासात वर फळ आणि खाली पाणी, दोघं नवराबायकोसारखे तोंड फिरवून बसायचे. ओट्स रात्रभर भिजवून घातले तर अशी खळ झाली की भिंतीला पोस्टरं चिकटवता आली असती. बर्फ घातला तर चव पळाली. पण ज्या बाईनं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका जिभेवर पकडल्या, ती आपल्या चुकांना घाबरणार नव्हती. त्या एकेक घोट तोंडात धरायच्या, घोळवायच्या, बेसिनमध्ये थुंकायच्या आणि स्वतःलाच म्हणायच्या, "परत."

हळूहळू हात बसला. केळं सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत थांबायचं, मग त्याच्या चकत्या करून फ्रीजरमध्ये घट्ट होऊ द्यायच्या. त्या चकत्यांनी बर्फाशिवाय गारवा येतो आणि सायीशिवाय दाटपणा. बदाम रात्री भिजवायचे, सकाळी सोलायचे, आणि फळाच्या आधी नुसत्या पाण्याबरोबर इतके बारीक वाटायचे की बोटाला कण लागता कामा नये. गोडीला दोन खजूर. आंबा असेल तर आंबा, नसेल तर पपई आणि त्यावर संत्र्याचा रस, कारण पपई एकटी असली की सुस्त लागते. अननस असेल तर नारळाचं दूध. ओट्स फक्त दहा मिनिटं भिजवायचे, वरचं पाणी टाकून द्यायचं. आणि शेवटी झाकण दाबून धरून मिक्सर पूर्ण जोरात एक मिनिटभर, म्हणजे वर फेस येतो. त्या फेसाची मिशी बिट्टीला पहिल्यांदा आली तेव्हा ती दुकानभर मिरवली, आणि आत्याबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडताना कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे.

पाच महिने बिट्टी रोज एक ग्लास प्यायली. गालावर जरा मांस आलं. सून हळूच म्हणाली, "आत्या, तुमच्यामुळं." दादा मात्र ग्लासाकडं बघून नाक मुरडायचे. "फळांचा चिखल," म्हणायचे.

मग ती दुपार आली. आत्याबाई आंबा-केळ्याचा ग्लास घेऊन दुकानात आल्या. बिट्टी बाकावर चित्र रंगवत होती. तेवढ्यात मागच्या दारावर गॅस सिलिंडरवाल्यानं हाका मारायला सुरुवात केली. आत्याबाईंनी ग्लास गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवला, "बिट्टे, आलेच" म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन मिनिटं, फार तर तीन. परत आल्या तेव्हा बिट्टी बाकावर बसून ग्लास पीत होती, दादा गिऱ्हाइकांत होते, सगळं ठीक दिसत होतं. पाऊण तासात पोरगी ओकायला लागली. ओठ सुजले, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. भाच्यानं तिला उचलली, दादा तसेच चपला न घालता मागं धावले, आणि सून रिक्षात बसेपर्यंत रडत नव्हती, मग रडली.

दवाखान्यात लगेच सुई टोचली, ऑक्सिजन लावला. जीव वाचला. एक दिवस तिथंच ठेवतो, डॉक्टर म्हणाले. आई तिच्यापाशी थांबली. डॉक्टरांनी विचारलं, "दूध पोटात गेलं होतं का? साय, लोणी, काहीही?" दादा छातीवर हात ठेवून म्हणाले, "अजिबात नाही. माझ्या डोळ्यांसमोर होती." मग डॉक्टरांनी विचारलं, ग्लासात काय काय होतं. भाच्यानं सांगितलं ते सगळं त्यांनी कागदावर उतरवलं: बदाम, केळं, आंबा, खजूर. नवीन काहीतरी बाधायला लागलंय असं दिसतं, म्हणाले. चाचण्या होईपर्यंत सगळं बंद. चाचणीची तारीख दीड महिन्यानं.

इकडं आत्याबाई घरी एकट्याच होत्या. बाकाखाली ग्लास आडवा पडला होता, तळाशी घोटभर उरलेलं. डेअरीत नियम होता, तक्रार आली की नमुना धुवायचा नाही. त्यांनी ग्लास उचलला, त्यावर तळहात झाकून क्षणभर थांबल्या, मग हात काढून वास घेतला. आंबा. केळं. आणि मागून, अगदी ओळखीचा, म्हशीच्या दुधाची साय. काचेवर चरबीचा ओघळही दिसत होता. बदामाची चरबी अशी ओघळत नाही.

साय कुणी घातली हे शोधायला त्यांना नाकाचीही गरज नव्हती. वडिलांच्या काळापासून दुकानाची रीत होती: ग्लास भरला की वर चमचाभर साय, मगच तो गिऱ्हाइकाच्या हातात. दादा बेचाळीस वर्षं दिवसाला शंभर ग्लासांवर साय टाकत आले होते, गप्पा मारता मारता, सुटे मोजता मोजता. तो हात आता दादांना विचारत नव्हता. फळीवर भरलेला ग्लास दिसला, हातानं आपलं काम केलं, आणि पोरीच्या हातात दिला. पोरीला वाटलं, आज फेस जास्त आहे.

आत्याबाईंना स्वतःचाही राग आला, आणि तो त्यांनी गिळला नाही. नमुना उघड्यावर सोडून जाणाऱ्या माणसाला त्यांनी धक्क्यावर उभं केलं नसतं, आणि त्या स्वतःच दुधाच्या फळीवर ग्लास ठेवून गेल्या होत्या.

संध्याकाळी दादा आणि भाचा कागद घेऊन परतले. आत्याबाईंनी ग्लास पुढं केला. "यात साय आहे, दादा. तुझ्या हातून पडली."

दादा एवढे लाल झाले की भाच्यानं त्यांना पाणी दिलं. "मी? माझ्या नातीच्या ग्लासात मी साय घालीन? शुद्धीवर आहेस का तू?"

"तू घातली नाहीस. तुझ्या हातानं घातली."

"तुझं नाक म्हातारं झालंय. तुझा तो चिखल पोरीला बाधला आणि आता माझ्यावर ढकलतेस."

दादा खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. भाचा दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला माहितीय. पण थोडे दिवस नको. मिक्सर मी माळ्यावर ठेवतो." आणि ठेवलाही. पाण्याचा घोट गिळावा तसं आत्याबाईंनी ते गिळलं, पण पोटात ते काही राहिलं नाही. चोर घरात मोकळा आणि शिक्षा बदामाला! पोरीच्या वाट्याला उरलं काय, तर पाणी आणि उपदेश. आणि तो हात उद्या पुन्हा गल्ल्यावर बसणार होता. पुढच्या वेळी रिक्षा लवकर मिळेलच असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

सकाळी भाचा अंघोळीला गेला तशी त्रेसष्ट वर्षांची ही बाई स्टुलावर चढली, माळ्यावरून मिक्सर काढला, आणि थेट दुकानात नेऊन फ्रीजशेजारच्या प्लगला लावला. दुकानात गर्दी होती. शिवणकाम करणाऱ्या बाई दही घेत होत्या, शाळेच्या बसचा ड्रायव्हर रोजच्यासारखा ग्लासभर दुधाला आला होता, आणखी तीन-चार जण.

"हे काय?" दादा दबक्या आवाजात म्हणाले. "आत जा."

"नाही जात."

त्यांनी केळ्याच्या चकत्या भांड्यात टाकल्या आणि धक्क्यावरच्या आवाजात, म्हणजे मागच्या ट्रकलाही ऐकू जाईल अशा आवाजात, बोलायला सुरुवात केली. "ऐका. आमच्या बिट्टीला दूध चालत नाही. आवडत नाही म्हणून सांगतो ते खोटं आहे. पोटात गेलं तर तिचा श्वास बंद होतो. काल दवाखान्यात नेली. आजपासून तिला कुणी काही देऊ नका, आणि दिलं तर माझ्याशी गाठ आहे."

दादांचा चेहरा पडला. बेचाळीस वर्षांची इभ्रत आता रस्त्यावर सांडणार असंच त्यांना वाटलं. पण सांडलं काहीच नाही. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं बाई! माझ्या बहिणीच्या मुलाला शेंगदाण्याचं अस्संच आहे." ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, मग सांगायचं नाही का? मी दर शनिवारी बसमध्ये सगळ्या पोरांना चॉकलेट वाटतो. ही घेत नाही, मला वाटायचं शिष्ट आहे. एकदा तर जबरदस्तीनं हातात कोंबलं होतं." कुणीही दुधाचं नाव काढलं नाही. दही घेणाऱ्यांनी दही घेतलं.

"काय बनवताय पण?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ती पिते तेच. बघा पिऊन."

त्यांनी तीन ग्लास भरले आणि फळीवर, दादांच्या उजव्या हाताशी ओळीनं ठेवले. मग पाठ फिरवून भांडं विसळायला लागल्या. "दादा, यातला एक ड्रायव्हरसाहेबांना दे," असं पाठमोऱ्याच म्हणाल्या. मुद्दाम केलं का? हो, मुद्दाम केलं. सांगून पाहिलं होतं, समजावून पाहिलं होतं. आता उरलं होतं ते एवढंच.

दादा संतापलेले होते, एकीकडं शिवणाऱ्या बाईंना सुटे परत देत होते, आणि "काही नाही हो, जरा पोटाचं झालं होतं तिला" असं अजूनही सारवासारव करत होते. डाव्या हातानं सुटे दिले. उजव्या हातानं चमचा उचलला, सायीच्या पातेल्यात बुडवला, ग्लासावर साय ठेवली, चमच्याच्या पाठीनं जरा पसरली, आणि ग्लास पुढं केला.

ड्रायव्हरनं ग्लास घेतला नाही. तो सायीकडं बघत होता. आतल्या दारात ओल्या डोक्यानं उभा असलेला भाचा पण बघत होता. "बाबा," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "बाबा, तुमचा हात."

दादांनी खाली पाहिलं. चमचा अजून बोटांत होता. कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवला असावा तसे ते त्याच्याकडं बघत राहिले. "काल पण?" त्यांनी विचारलं. "मीच?"

आत्याबाईंचा विजय झाला होता, आणि त्यांना भावाची इतकी दया आली की विजय कडू लागला. तरी त्या मऊ झाल्या नाहीत. "चपला घाल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना तू सांगायचंस. मी नाही, तू."

वडील गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दुकानाचं शटर सकाळी अकराला खाली आलं.

डॉक्टर रागावले नाहीत. दादा सांगत होते तोवर त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं, मग ग्लासात उरलेल्या घोटाचं आत्याबाईंना विचारलं, आणि आदल्या दिवशीचा कागद मागून घेतला. बदाम, केळं, आंबा, खजूर, एकेकावर रेघ मारली. "ही बातमी चांगली आहे," ते म्हणाले. "पण नियम कडक करा. दुकानातलं काही तिच्या हातात जाता कामा नये, आणि तिला स्वतःला नाही म्हणता आलं पाहिजे. कुणालाही. माणूस आपला असो की परका."

बिट्टी खाटेवर उशीला टेकून बसली होती. ओठांची सूज उतरली होती, आवाज बसला होता, तरी आईला काहीतरी सांगणं चालूच होतं. दादा खाटेच्या कडेवर बसले.

"बिट्टे," ते म्हणाले, "काल तुझ्या ग्लासात साय माझ्या हातून पडली. चुकून पडली, पण माझ्याच हातून पडली. आता नाही पडणार. घरी चल, आजोबा स्वतः तुला ग्लास करून देतील. आत्याआजीकडून शिकून घेईन."

बिट्टीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या हाताकडं पाहिलं. मग मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या हातचं मला नको."

"बिट्टे! आजोबांना असं बोलतात?" तिची आई म्हणाली, आणि सगळ्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. पोरीला समजावू शकेल असं तेवढंच माणूस होतं. पण आत्याबाईंनी समजावलं नाही.

"बरोबर बोलली ती," त्या म्हणाल्या. "तिला कुणी काही म्हणायचं नाही."

दादांचे डोळे भरून वाहायला लागले. त्यांनी ते पुसले नाहीत. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांडीखाली सरकवले आणि नातीच्या तोंडाजवळ वाकले.

"पुन्हा म्हण बरं," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं."

आणि बसलेल्या आवाजात बिट्टी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतली नर्स काय झालं म्हणून धावत आली.